माळ्यावरच्या टीव्ही गेमचं काय करायचं?

दिवाळीची साफसफाई आणि जत्रेआधीची रंगरंगोटी, या दोन वेळी माळ्यावरचे खोके खाली उतरतात. एखाद्यात पिवळा पडलेला टीव्ही गेम निघतो, वायरींच्या गुंत्यात दोन रिमोट, आणि तळाशी रंगीबेरंगी कॅसेटी. पूर्वी असा खोका थेट भंगारवाल्याच्या हातगाडीवर जायचा. आता घरातला कोणीतरी मोबाइल पुढे करून सांगतो की अमेरिकेत असली कॅसेट कोटींना विकली गेली. मग 'राहू दे, भाव अजून वाढेल' म्हणत खोका परत माळ्यावर चढतो.

भंगारात घालणं चूक आहेच, पण तसाच परत माळ्यावर ठेवणंही चूक. पत्र्याखाली किंवा उन्हाने तापणाऱ्या स्लॅबखाली प्लास्टिक, रबर आणि बॅटरी दरवर्षी खराब होत जातात, आणि ज्या भावाची वाट बघायची तो खराब मालाला मिळत नाही. शिरूर, शिक्रापूर, न्हावरे, केडगाव, दौंड या पट्ट्यातल्या ज्या घरांत असा खोका आहे, किंवा ज्यांना असा खोका विकत घ्यायचा मोह होतोय, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी त्या कोटींच्या बातमीचं बघू

जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्स या लिलावगृहात 'द लेजंड ऑफ झेल्डा' ची एक प्रत ८ लाख ७० हजार डॉलरला गेली. दोनच दिवसांनी 'सुपर मारिओ ६४' ची एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला. पुढच्याच महिन्यात 'सुपर मारिओ ब्रदर्स' ची एक प्रत २० लाख डॉलरला विकली गेल्याची बातमी आली. आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर अजूनही फिरतात ते हेच आकडे.

यातला 'सुपर मारिओ ६४' हा १९९६ चा खेळ जगभर एक कोटीच्या वर खपला. तो दुर्मीळ मुळीच नाही. दुर्मीळ होतं ते त्या एका खोक्यावरचं कारखान्यातलं प्लास्टिक, पंचवीस वर्षं कोणीही न फोडलेलं. वाटा गेम्स नावाच्या कंपनीने त्या खोक्याची तपासणी करून त्याला वरचा दर्जा दिला आणि पारदर्शक डबीत बंद केलं. पैसे त्या दर्जाचे होते, खेळाचे नव्हते. याच कंपनीवर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात ग्राहकांनी दावा लावला, बाजार मुद्दाम फुगवल्याचा आरोप करून. सीलबंद मालाचे भाव त्या उंचीवर टिकले नाहीत. थोडक्यात, तुमच्या खोक्यातली कॅसेट तुम्ही आणि तुमच्या चुलतभावांनी मिळून हजारदा लावलेली आहे, त्यामुळे ही बातमी तुमच्यासाठी नाही.

साध्या, वापरून जुन्या झालेल्या वस्तूंचे भावही जगभर वाढलेत, आणि त्यामागची कारणं मात्र भक्कम आहेत. १९९५ साली जो दहा वर्षांचा होता तो आज चाळिशी ओलांडून बसलाय. त्याच्या खिशात पैसा आहे आणि लहानपणी जे मिळालं नाही ते विकत घ्यायची हौस आहे. २०२०-२१ च्या टाळेबंदीत घरात अडकलेल्या लाखो लोकांना एकाच वेळी हे आठवलं. शिवाय बरेच जुने खेळ आज कायदेशीर मार्गाने विकत मिळतच नाहीत. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ दुकानातून गायब असल्याचं दिसलं. खेळायचं असेल तर जुनी प्रत शोधणं हाच मार्ग उरतो. म्हणून मागणी आहे. फक्त ती कशाला आहे, हे नीट समजून घ्यायला हवं.

खोक्यात नक्की काय आहे?

नव्वदच्या दशकात आपल्या तालुक्याच्या गावांत जो टीव्ही गेम मिळायचा, तो बहुतेक वेळा निन्टेंडोचा नव्हताच. जपानमध्ये १९८३ साली निन्टेंडोने 'फॅमिकॉम' नावाचं यंत्र आणलं. तैवानच्या आणि नंतर चीनच्या कारखान्यांनी त्याच्या हुबेहूब नकला काढल्या, आणि त्या नकला भारतात सामुराई, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी विकल्या गेल्या. मारिओ, कॉन्ट्रा, सर्कस, रोड फायटर, रणगाड्यांचा टँक, बदकं मारायचा डक हंट, हे सगळं आपण त्यावर खेळलो. '९९९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटीत खरे खेळ मूठभरच असायचे आणि तेच खेळ पुढच्या पानांवर वेगळ्या नावाने परत यायचे, हे तेव्हाही आपल्याला कळत होतंच.

ओळख पटवायला एक कॅसेट उघडून बघा. मागे एक-दोन साधे स्क्रू असतात, कधी लेबलखाली एखादा दडलेला असतो, तर कधी स्क्रूच नसतो आणि कडेच्या खाचा दाबून कवच सुटतं. नखाने ओढू नका, पातळ पट्टीने हळूच उकला. एवढ्या मोठ्या कवचात एक छोटीशी हिरवी पट्टी दिसेल. पट्टीच्या मध्यभागी काळ्या डांबरासारखा एक गोल थेंब, आणि खालच्या कडेला तांबूस-सोनेरी दातांची रांग, पुढे तीस आणि मागे तीस. तो काळा थेंब म्हणजे उघड्या चिपवर ओतलेला राळेचा थर. स्वस्तात माल काढायची ही पद्धत. असा थेंब दिसला की माल बहुधा नकली, म्हणजे क्लोन. मूळ कॅसेटीत बहुतेक चौकोनी काळ्या चिपा असतात, त्यांवर आकडे छापलेले असतात, आणि निन्टेंडोने स्वतः बनवलेल्या पट्टीवर तिचं नाव असतं. मूळ निन्टेंडोच्या कॅसेटी आणि यंत्रांना अनेकदा वेगळ्याच डोक्याचे स्क्रू असतात. त्यांना ३.८ आणि ४.५ मिलिमीटरचे खास पाने लागतात. ते ऑनलाइन मिळतात. पक्कड लावून डोकं झिजवलंत तर किंमत तिथेच उतरली.

क्लोन निघाला म्हणून हिरमुसायचं कारण नाही. जगात क्लोनच जमवणारी मंडळी आहेत. त्यांना कॅसेटीत काय खेळ आहे याच्याशी देणंघेणं नसतं. त्यांना हवं असतं ते खोक्यावरचं विचित्र चित्र, भारतात छापलेलं नाव-पत्ता, वॉरंटी कार्ड, दुकानदाराच्या शिक्क्याचं बिल आणि आतलं थर्माकोल. म्हणजे आपण जे पहिल्याच दिवशी फेकलं ते सगळं. मोकळं यंत्र आणि चार कॅसेटी असतील तर किरकोळ रक्कम मिळेल. तेच यंत्र मूळ खोक्यात, पिस्तूल आणि दोन्ही रिमोटसकट असेल तर हौशी माणूस पुण्याहून गाडी काढून येईल.

सेगाचं प्रकरण वेगळं. आयात शुल्क जबर होतं, त्यामुळे सेगाने १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीशी करार करून आपलं 'मेगा ड्राइव्ह' यंत्र भारतात विकायला काढलं. हो, तीच दारू बनवणारी शॉ वॉलेस. किंमत १८,००० रुपये. तेवढ्यात तेव्हा रंगीत टीव्ही यायचा, त्यामुळे किती घरांत ते गेलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा. त्या काळातला अधिकृत भारतीय खोका, कागदपत्रांसह, कोणाकडे असेल तर त्याने तो सुटा विकू नये. 'जपानमधून मामाने आणला', 'आखातातून काकांनी आणला' अशी यंत्रंही आपल्याकडे सापडतात. ती बहुधा खरी असतात आणि म्हणूनच त्यांच्या विजेची आधी काळजी घ्यायला लागते. त्याकडे पुढे येतो.

खरी दुर्मीळ वस्तू पाचशे रुपयांच्या ढिगात होती

हा भाग नीट वाचा, कारण आपल्या भागात खरोखर काही गवसण्याची शक्यता मला इथेच जास्त वाटते.

सोनीचा प्लेस्टेशन २ जगभर पंधरा कोटींच्या वर खपला. त्यामुळे यंत्राला मोठी किंमत नाही आणि लवकर येणारही नाही. आपल्याकडे ज्यांनी तो घेतला त्यांतल्या बहुतेकांनी चिप मारून घेतली आणि पन्नास-शंभर रुपयांच्या नकली डीव्हीडी वापरल्या. त्या डीव्हीडींची किंमत शून्य. वर मार्करने नाव लिहिलेली किंवा झेरॉक्ससारखं फिकट कव्हर असलेली चकती विकायच्या फंदातही पडू नका, कॉपीराइट कायद्याखाली तो गुन्हाच आहे.

पण सोनीने साधारण २००९ ते २०१३ या काळात भारतासाठी म्हणून काही खेळ काढले, आणि ते बाहेर फारसे गेलेच नाहीत. 'हनुमान: बॉय वॉरियर' २००९ मध्ये आला. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने तो बनवला होता, आणि भारतात पूर्णपणे तयार झालेला पहिला कन्सोल गेम म्हणून त्याची नोंद घेतली जाते. देवाला रिमोटने नाचवता म्हणून काही हिंदू संघटनांनी परदेशातून आक्षेपही घेतला होता. त्याच वर्षी 'देसी अड्डा: गेम्स ऑफ इंडिया' आला. हैदराबादच्याच गेमशास्त्रने तो केला होता आणि त्यात आपले मातीतले खेळ होते. पुढे 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स', शाहरुखच्या सिनेमावरचा 'रा.वन', आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये 'डॉन २'. त्याच महिन्यात सोनीने प्लेस्टेशन ४ ची घोषणा केली, आणि प्लेस्टेशन २ चं उत्पादन तोवर थांबलेलं होतं.

खेळ म्हणून यातले बरेचसे सुमार आहेत. हनुमानाची गदा कुठे फिरते आणि मार कुठे बसतो याचा मेळ नाही, असं मला तरी वाटतं. पण संग्राहकाचं गणित वेगळं असतं. युरोपात असे लोक आहेत जे पाल या टीव्ही-पद्धतीच्या प्लेस्टेशन २ चा प्रत्येक खेळ जमवतात. त्यांच्या यादीतले हजारो खेळ इंग्लंड-जर्मनीत मिळतात. अडतं ते या भारतीय पाच-सात खेळांपाशी, कारण ते फक्त आपल्या दुकानांत विकले गेले, आणि तेही थोडे. आपण ते स्वस्तातल्या ढिगातून उचलले, दोन दिवस खेळलो आणि विसरलो.

तेव्हा २०१० च्या आसपास टीव्ही, मोबाइल किंवा सीडी-डीव्हीडी विकणारी जी दुकानं शिरूरच्या बाजारपेठेत, शिक्रापूर चौकात, दौंडमध्ये स्टेशनच्या बाजूला होती, त्यांतली जी अजून चालू आहेत तिथे विचारून बघा. 'जुना स्टॉक आहे का, गेमच्या डीव्हीडीचा?' एवढाच प्रश्न. रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरीला आलेल्या आणि खोली करून राहिलेल्या पोरांनी त्या काळात कन्सोल घेतले आणि लग्न झाल्यावर विकले. तो माल कुठेतरी फिरतोच आहे.

असली चकती ओळखणं सोपं आहे. वरची छपाई स्वच्छ, बोटाला न लागणारी. खालची बाजू डीव्हीडीला रुपेरी आणि सीडीवरच्या खेळांना निळी. प्लेस्टेशन १ ची असेल तर खालून काळी. नकली चकतीची खालची बाजू घरी लिहिलेल्या डीव्हीडीसारखी जांभळट असते आणि तिरपी धरली की लिहिलेला भाग आणि कोरा भाग यांतली कड दिसते. डबीच्या कडेला सोनीचा सांकेतिक क्रमांक असतो, तो चकतीवरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. माहितीपुस्तिका आत असेल तर दुधात साखर.

बटण दाबण्याआधी

खोका खाली आला की घरातल्या पोरांचा पहिला उद्योग म्हणजे लावून बघणं. तेवढं थांबवा.

आपल्याकडची वीज २३० व्होल्टची. अमेरिकेतली १२०, जपानमधली १००. काकांनी अमेरिकेतून आणलेल्या यंत्राचा अडॅप्टर थेट आपल्या बोर्डाला लावला तर धूर निघेल, आणि नशीब वाईट असेल तर यंत्रही जाईल. अडॅप्टरवर 'इनपुट' पुढे काय लिहिलंय ते वाचा. १०० ते २४० लिहिलं असेल तर निर्धास्त लावा. फक्त १०० किंवा १२० असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो मिक्सर-गीझर दुरुस्त करणाऱ्याकडून अंदाजे न घेता त्यावरचा आकडा बघून घ्या. जपानचा जुना जाड प्लेस्टेशन २ फक्त १०० व्होल्टचा आहे. त्यात अडॅप्टर आतच असतो, म्हणून चूक झाली तर सगळंच जळतं.

दुसरी गोम ध्रुवांची. अडॅप्टर हरवला म्हणून बाजारातला नऊ व्होल्टचा कुठलाही अडॅप्टर आणून लावायची आपली सवय. बहुतेक नव्या अडॅप्टरच्या पिनेत आतला भाग धन आणि बाहेरचा ऋण असतो. मूळ फॅमिकॉम आणि पहिल्या मेगा ड्राइव्हला नेमकं उलट लागतं. यंत्रावर पिनेच्या शेजारी एक छोटी आकृती छापलेली असते, गोळ्याच्या दोन बाजूंना अधिक आणि उणे. ती आकृती अडॅप्टरवरच्या आकृतीशी जुळत नसेल तर लावू नका. दहा सेकंदांचं काम आहे.

मग सेल. ब्रिक गेममध्ये विसरलेले पेन्सिल सेल गळून पांढरी-हिरवी पूड झालेली असते. आपल्याकडचे स्वस्त सेल बहुतेक झिंक-कार्बनचे, त्यांची गळती आम्लधर्मी असते, म्हणून ती खायच्या सोड्याच्या किंचित ओल्या बोळ्याने पुसावी. अल्कलाइन सेल असतील तर उलट, व्हिनेगरचा बोळा. नंतर कोरडं करायचं आणि स्प्रिंगला बारीक पॉलिशपेपर. मूळ एक्सबॉक्स कोणाकडे असेल तर त्याच्या आत घड्याळासाठी एक मोठा कपॅसिटर आहे, तो जवळपास सगळ्या आवृत्त्यांमध्ये गळून बोर्ड खातो. तो काढून टाकला तरी यंत्र चालतं. तारखेची आठवण तेवढी जाते. हे काम पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या किंवा आपल्याच गावातल्या डाग मारणाऱ्या हुशार मेकॅनिकला अर्ध्या तासाचं आहे.

आणि फुंकर. सगळ्या पिढीने कॅसेटीत फुंकर मारली आणि गेम चालू झाला, म्हणून ती फुंकर अजून मारली जाते. फुंकरीने चालत नव्हतं, काढून परत लावल्याने चालत होतं. तोंडातला ओलावा मात्र दातांवर बसून तांबं गंजवत राहिला. आता इयरबड घ्या, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा आणि दातांवर एकाच दिशेने फिरवा. बड काळा निघेल, दुसरा घ्या. स्वच्छ निघेपर्यंत चालू. औषधाच्या दुकानातलं हाताला चोळायचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात इतर पदार्थ असतात.

पिवळं पडलेलं कवच पांढरं करायचे व्हिडिओ पाहून पेरॉक्साइड चोळायला बसू नका. पिवळेपणा प्लास्टिकमध्ये घातलेल्या अग्निरोधक ब्रोमिनमुळे आणि उन्हामुळे येतो. पेरॉक्साइडने तो जातो, पण हात बसलेला नसेल तर डाग उमटतात आणि लेबल खराब होतं. विकत घेणारा पिवळा माल घेतो, डागाळलेला नाही.

टीव्ही फेकू नका

तुमच्याकडे डक हंटचं पिस्तूल असेल तर ते एलईडी टीव्हीवर चालणार नाही. पिस्तुलात फक्त प्रकाश ओळखणारा एक भाग असतो. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. जुन्या डब्बा टीव्हीत तो ठरलेल्या क्षणी चमकतो, नव्या टीव्हीत उशिरा, आणि तेवढ्यात खेळ 'चुकला' म्हणून मोकळा होतो. चौदा किंवा एकवीस इंची चालू डब्बा टीव्ही भंगारवाला किलोवर नेतो. पण जुने गेम खेळणाऱ्यांना तो हवा असतो, आणि नवा कोणी बनवत नाही. गेमसोबत जोडी म्हणून द्या, किंवा ठेवा. मात्र त्याचं मागचं झाकण स्वतः उघडू नका. बंद टीव्हीतही पिक्चर ट्यूबवर विजेचा जीवघेणा दाब साठलेला असू शकतो.

'मुस्तफा'चा बोर्ड

एसटी स्टँडजवळच्या पार्लरमध्ये रुपयाचं नाणं टाकून ज्यांनी शाळा बुडवली, त्यांना 'मुस्तफा' सांगायला नको. कॅपकॉमच्या १९९३ च्या त्या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण भारतभर तो त्यातल्या टोपीवाल्या मुस्तफाच्याच नावाने ओळखला जातो. पार्लर बंद पडली, पेट्या सुतारकामाला गेल्या, पण आतले बोर्ड कधीकधी जुन्या मालकाच्या घरी पडून असतात. कॅपकॉमचा मूळ बोर्ड असेल तर आवाजाचं काम बघणाऱ्या चिपची गुप्त किल्ली एका छोट्या बॅटरीवर जिवंत असते. बॅटरी मेली की बोर्ड मुका होतो किंवा पडतो. जाणकाराला ती दुरुस्ती येते, पण मूळ बोर्ड असेल तर कोणाला तरी लवकर दाखवा. आपल्याकडे आलेले बरेच बोर्ड नकली होते, त्यांना ही बॅटरी नसते, म्हणून गंमत अशी की ते जास्त टिकले.

भाव कसा काढायचा, आणि कुठे विकायचं

ईबेवर एखाद्याने दोन हजार डॉलर मागितले म्हणजे भाव दोन हजार झाला नाही. मागणारा काहीही मागतो. शोधताना 'विकलेल्या वस्तू' ही खूण लावा, मग खरे व्यवहार दिसतील. प्राइसचार्टिंग ही वेबसाइट मोकळी प्रत, खोक्यासह प्रत आणि सीलबंद प्रत यांचे भाव वेगवेगळे दाखवते. आपली वस्तू मोकळ्यात मोडते हे प्रामाणिकपणे मान्य करा. त्यातून टपालखर्च, वेबसाइटचं कमिशन आणि रुपयात येताना जाणारा हिस्सा वजा करा. उरतं ते पाहून बरेच जण गावातच विकायला तयार होतात.

भारतातल्या ईबेची वेबसाइट २०१८ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता बहुतेक व्यवहार ओएलएक्स आणि फेसबुकवरच्या संग्राहकांच्या गटांत होतात. गटांत भाव ओएलएक्सपेक्षा बरा मिळतो, कारण तिथे समोरच्याला वस्तू कळते. फोटो दिवसाच्या उजेडात काढा. कोपऱ्याचा तडा झाकला तर पार्सल परत येईल आणि गटात नाव खराब होईल ते वेगळं.

फसवणुकीचा ठरलेला नमुना आहे. 'मी फौजी आहे, बदली झाली, घाईत घ्यायचंय' म्हणणारा, ओळखपत्राचा फोटो पाठवणारा, आणि मग पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला सांगणारा. दौंडला राज्य राखीव पोलीस दल असल्याने वर्दी रोजच्या पाहण्यातली, म्हणून अशा फोटोवर आपला पटकन विश्वास बसतो. बसू देऊ नका. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. कधीच नाही. फसगत झालीच तर १९३० वर लगेच फोन करा, पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

पुण्यातला कोणी बघायला येणार असेल तर घरी बोलावण्यापेक्षा शिरूरच्या स्टँडवर किंवा दौंडच्या स्टेशनवर भेटणं दोघांनाही सोयीचं. पण चालवून दाखवायचं असेल तर एखाद्या ओळखीच्या दुकानात टीव्ही मिळेल अशी सोय आधी करा. 'चालू आहे' या शब्दावर कोणी पूर्ण पैसे देत नाही, आणि देऊही नयेत.

विकत घ्यायचं असेल तर

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. दौंडकरांना गाडीने जाता येतं, शिरूरला रेल्वे नाही म्हणून एसटी. सकाळी लवकर जा. एखाद्या पथारीवर चार्जरच्या ढिगात रिमोट किंवा कॅसेट दिसली तर थेट त्याचीच किंमत विचारू नका. आधी शेजारच्या पान्याची विचारा. विकणाऱ्यानेही मोबाइलवर कोटींची बातमी वाचलेली असते, आणि तुमचे डोळे चमकलेले त्याला दिसतात. न चालणारा माल 'न चालणारा' म्हणूनच घ्या, तसाच भाव द्या.

सध्या सर्वांत जास्त नकली माल आहे तो गेमबॉयच्या पोकेमॉन कॅसेटींचा. लेबलचा रंग जास्त भडक, अक्षरं जरा जाड, आणि अस्सल गेमबॉय अॅडव्हान्स कॅसेटीच्या लेबलवर दाबून उमटवलेला जो बारीक क्रमांक असतो तो गायब. खालच्या दातांवर टॉर्च मारा. वर पट्टीवर निन्टेंडोचं नाव छापलेलं दिसायला हवं. जुन्या गेमबॉयच्या अस्सल पोकेमॉन कॅसेटीतली सेव्हची बॅटरीही आता बहुधा संपलेली असते. ती बदलता येते, पण आत साठलेला पोरांचा खेळ जातो, हे विकणाऱ्यानेही लक्षात ठेवावं.

परदेशातून मागवणार असाल तर किमतीवर सीमाशुल्क आणि कर लागतो, आणि टपालवाला तो भरल्याशिवाय पार्सल देत नाही. 'भेटवस्तू लिहून पाठव' हा जुना जुगाड आता चालत नाही. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंना असलेली सूट डिसेंबर २०१९ मध्ये काढली. राखी आणि जीवरक्षक औषधांना तेवढी शिल्लक ठेवली.

आणि ज्यांना फक्त मारिओ-कॉन्ट्रा खेळायचाय त्यांनी या भानगडीत पडू नये. 'दहा हजार गेम' लिहिलेली टीव्हीला लावायची जी काडी ऑनलाइन मिळते ती संग्राह्य नाही, तिचं मेमरी कार्ड वर्षा-दोन वर्षांत मरतं, पण सुट्टीपुरती पोरं खूश राहतात. गुंतवणूक म्हणून तर काहीच घेऊ नका. सोनं-जमिनीला भाव सांगणारे रोज भेटतात, इथे गिऱ्हाईक एखादंच असतं आणि ते तुमच्या गरजेच्या वेळी मिळेलच असं नाही. घ्यायचं तर खेळायला घ्या.

राहिला प्रश्न पाठवण्याचा. यंत्र वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई पांढऱ्या प्लास्टिकवर उतरते. आधी साधी प्लास्टिकची पिशवी, मग बबल, मग दोन खोके, एकात एक. कॅसेट यंत्रात लावलेली ठेवून पाठवू नका, धक्क्याने आतला सॉकेट तुटतो. अडॅप्टरला वेगळं गुंडाळा, तो जड असतो आणि वाटेत बाकीच्या वस्तूंवर आपटत जातो. पॅक करताना सलग व्हिडिओ काढा, अनुक्रमांक दिसेल असा, आणि घेणाऱ्यालाही उघडताना तसाच काढायला सांगा. पावसाळ्यात पाठवत असाल तर बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिकाच्या पुड्या दोन-तीन आत टाका.